फरदडीचे पैसे आणि धुऱ्यापलीकडची अळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर सरत आला की आमच्या शिवारात एकच विषय निघतो. पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेली कपाशीची झाडं, उपटायची, की पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घ्यायची? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो बहुधा फरदडीकडे वळतो. मीही वळलो होतो, म्हणून हे पत्र उपदेशाचं समजू नये.

२०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. माझी चार एकर पऱ्हाटी उभीच होती. पाण्याच्या दोन पाळ्या दिल्या, थोडा युरिया टाकला आणि मार्चपर्यंत सहा क्विंटल वेचला. घराच्या स्लॅबचं उसनं त्यातून फिटलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

शेवटच्या वेचणीत बायकोने एक कवडी, म्हणजे नीट न उमललेलं किडकं, बोंड आणून दाखवलं. फोडलं तर दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या मधे गुलाबी अळी मुटकुळं करून झोपलेली. ती तशीच उन्हाळा काढते आणि पाऊस पडला की पतंग होऊन बाहेर येते. हे मला माहीत होतं. तरी ती पऱ्हाटी आम्ही सरपणासाठी धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, गंजी लावून ठेवली.

पुढच्या हंगामात पहिल्या फुलांबरोबरच डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेली फुलं, दिसल्या. माझ्या वावरात दिसल्या त्याचं नवल नव्हतं. पण शेजारच्या काकांच्या वावरातही दिसल्या, ते मात्र मनाला लागलं. त्यांनी डिसेंबरातच मेंढ्या बसवून उरलीसुरली बोंडं चारली होती, पऱ्हाटी उपटून वावर नांगरून टाकलं होतं. पतंगाला सातबारा कुठे वाचता येतो? काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजून जातं, मग बाहेरून कितीही फवारा, औषध आत पोचत नाही. २००६ साली आलेलं बीजी-टू बियाणं, म्हणजे झाडातच अळीला मारणारं विष तयार करणारं बीटी कपाशीचं वाण, या अळीने पचवलं आणि २०१७ मध्ये विदर्भातली कपाशी बोंडातच सडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. बियाण्याच्या पाकिटासोबत तेव्हा १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी मिळायची. कडेच्या ओळींत ती लावली की तिच्यावर बीटीला न सरावलेली अळी जगते, सरावलेल्या अळीच्या पतंगांशी तिच्या पतंगांचा संकर होतो आणि बियाण्याची ताकद टिकते. आम्ही काय केलं? "उगाच चार ओळी कशाला वाया घालवा" म्हणून पुड्या फेकल्या. शेवटी ते बिगर-बीटी बियाणं पाकिटातच मिसळून द्यायची वेळ आली.

फरदड घेऊ नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पत्रक चावडीवर लागतं, लोक वाचतात आणि म्हणतात, "माह्या एकट्याच्या उपटण्यानं का होते भाऊ?" त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. एकट्याने उपटून काय होतं ते काकांनी भोगलं. अमेरिकेने २०१८ मध्ये ही अळी आपल्या कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी बियाणं होतं, वांझ केलेले पतंग सोडले होते, आणि पऱ्हाटी मोडून नांगरायची तारीखही ठरलेली होती. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तारीख आहे.

म्हणून सुचवतो, की कापूस पिकवणाऱ्या गावांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच पऱ्हाटी उपटायची तारीख ठरवावी. जानेवारीत विचार करायला बसलं की हातात आलेला भाव दिसतो, ऑक्टोबरात डोकं थंड असतं. गंज्या धुऱ्यावर ठेवायच्या नाहीत, हेही त्याच ठरावात घ्यावं. आपल्या दैनिकात कापसाचे भाव छापून येतात, त्याच चौकटीत डिसेंबरपासून या गोष्टीची रोज एक ओळ छापावी, ही विनंती.

आमच्या नाल्याकाठच्या पाच जणांनी यंदा ३१ डिसेंबर ही तारीख आपसात ठरवली आहे. चौघं तयार आहेत. पाचव्याच्या मुलीचं लग्न फाल्गुनात आहे आणि त्याच्या विहिरीला पाणी भरपूर आहे. त्याला काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ