थडग्याच्या दगडावरची वंशावळ

संपादक महोदय,
वंशावळ कशी शोधायची यावरचा तुमचा लेख आवडला, पण स्कॉटलंडचे हायलँड्स, म्हणजे तिथला डोंगराळ भाग, राहिलाच की! तिथे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५५ ला सुरू झाली, त्याआधीची चर्चची रजिस्टरं अर्धवट, मृत्यूच्या नोंदी तर बऱ्याच गावांत नाहीतच, मग थडग्याचा दगड हाच पुरावा. एकाच भागात ढीगभर मॅके नाहीतर मॅकडोनाल्ड आडनावाची माणसं, पहिली नावंही तीच तीच, त्यामुळे दगडावर वाडीचं नाव कोरलेलं असलं तर लॉटरीच समजा. बायकोचं माहेरचं आडनावही बऱ्याचदा असतं, हे मला फार भारी वाटतं. अर्थात गरिबांना कोरीव दगड परवडायचा कुठे, आणि जमिनीवरून हुसकावलेली कित्येक कुटुंबं तर कॅनडाला गेली, मग त्यांचे दगड गावात कुठून सापडणार. आणि प्लीज, दगडावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका, अक्षरंच जातात, बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढा.
– एक वाचक, ठाणे