लिफ्टमधे टँकरचं टाइमटेबल आहे, समितीचा नंबर नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात मोठ्या कंपन्यांच्या पॉश (म्हणजे कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा कायदा) ट्रेनिंगचे फोटो येतात, चांगलंय, पण मी ज्या बाईबद्दल लिहितेय तिला ना एचआर आहे ना आयडी कार्ड. आमच्या सोसायटीत पाच घरची धुणीभांडी करते. एका घरातले 'साहेब' बायको ऑफिसला गेली की किचनच्या दारात येऊन उभे राहायचे, वाट अडवून, आणि पुढचं तिने मला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गुंडाळत सांगितलं, ते इथे लिहित नाही.

मला वाटायचं हे फक्त पोलिसांचं काम. मग वाचलं तर याच २०१३ च्या कायद्यात घर हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलंय! २०१० च्या मूळ विधेयकात घरकामगार बायकांना चक्क वगळलं होतं, संसदेच्या समितीने सांगितल्यावर त्या आत आल्या. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत किंवा जे घरच आहे तिथल्या बाईसाठी जिल्ह्याला एक स्थानिक समिती असते, आणि लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणं ही समितीची जबाबदारी.

हे सगळं आलं कुठून तर राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींपासून. सरकारी योजनेत 'साथिन' म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या म्हणून काम करताना बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मधे त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नव्हता. मग कोर्टाने १९९७ च्या विशाखा निकालात संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ कराराचा, म्हणजे बायकांशी होणारा भेदभाव संपवण्याच्या कराराचा, आधार घेतला, तो भारताने १९९३ मधे मान्य केलेला होता, आणि नियम घालून दिले. त्यांवरूनच पुढे २०१३ चा कायदा आला. म्हणजे कागदोपत्री न्यूयॉर्कपासून आमच्या किचनच्या ओट्यापर्यंत रस्ता आहे.

प्रत्यक्षात आम्ही दोघी तिच्या एका दिवसाचा खाडा करून जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत गेलो तर वॉचमन म्हणाला तिसऱ्या मजल्यावर, तिसऱ्यावरचे म्हणाले ते ऑफिस इथे नाही, मागच्या बिल्डिंगमधे विचारा, मागच्या बिल्डिंगमधे लंच टाइम. शेवटी एका मॅडमनी नीट ऐकून घेतलं, पण त्यांनीच जे सांगितलं त्याने ही खचली. ऑफिसातल्या बाईची तक्रार असेल तर समिती चौकशी करते, बदली सुचवते, तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, भरपाईसुद्धा. घरकामगार असेल तर प्रथमदर्शनी तथ्य दिसलं की तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची, बस. ही म्हणाली, "ताई, पोलिसात गेलं की ते एक घर नाही जात, पाचीच्या पाची जातात. पोरांची फी कोण भरणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तक्रार केली नाही तिने. ते घर सोडलं, महिन्याचे पैसेसुद्धा बुडाले.

आणि तक्रारीची मुदत तीन महिने, फार तर अजून तीन वाढवून मिळतात. समिती कुठे बसते हे शोधण्यातच ते जायचे.

गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून सुप्रीम कोर्टाने २०२३ मधे या कायद्याच्या अंमलबजावणीवरून खडसावलं, डिसेंबर २०२४ मधे परत आदेश दिले की प्रत्येक जिल्ह्यात समिती हवी, तालुक्याला आणि वॉर्डात नोडल अधिकारी, म्हणजे तक्रार घेऊन समितीकडे पाठवणारा माणूस, हवा. आमच्या वॉर्डाचा कोण? नगरसेवकाच्या ऑफिसात विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "कसला अधिकारी?"

कायदा बदलणं तुमच्या हातात नाही, माहितीये. पण रोज सोन्याचा भाव छापता त्या चौकटीशेजारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन एकदा तरी छापा. मी कात्रण कापून लिफ्टमधे लावीन, सध्या तिथे पाण्याच्या टँकरचं टाइमटेबल आहे, त्याच्या खाली जागा आहे.

आपली,
एक वाचक, पुणे