यंदाची आगोट तुमच्या हाती

पुणे, १८ मे

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

ताईची तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख दिली आहे, म्हणजे आम्ही दोघं गणपतीच्या आधी काही घरी पोचत नाही. यंदाची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची घराची सगळी तयारी, तुझ्या आणि सूनबाईच्या हाती. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून सगळं लिहून पाठवते. कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग. मधले दोन आठवडे म्हणजे शेवटचं खरं ऊन. पुढे श्रावणातल्या ऊनपावसापर्यंत साधा पंचासुद्धा धड वाळत नाही. तेव्हा ज्या कामाला ऊन लागतं ते आधी, बाजारहाट नंतर. बहुतेक घरांत डबे भरून झाले की मग छपराची आठवण होते आणि तोवर कौलं परतणारा गडी मिळत नाही.

कौलांचं यांनी सांगितलंय तसं लिहिते. भर दुपारी बाराच्या सुमारास माळ्यावर चढ, खिडकी लावून घे, डोळे अंधाराला सरावू दे आणि मग वर बघ. उजेडाचा लखलखीत ठिपका दिसेल तिथे कौल फुटलंय किंवा रिपेवरून घसरलंय. जवळच्या वाशावर खडूनं खूण कर. सांध्यातून आडवी, फिकट रेघ दिसत असेल तर तिला हात लावू नका, तेवढी फट मंगलोरी कौलांना असतेच. एक लक्षात ठेव : पाणी आत आलं की सरळ खाली पडत नाही, वाशाला धरून उतरतं. देवघरात थेंब पडला तर फुटकं कौल दोन-तीन हात वर, आढ्याच्या बाजूला शोधायचं.

पण फुटक्या कौलांपेक्षा पाल्याचा त्रास मोठा. कौलाच्या कडेला पाणी वाहायची खाच असते. तिच्यात आंब्याची पानं, धूळ आणि शेवाळ साचून घट्ट थर बसतो. मोठी सर आली की पाणी खाचेत तुंबतं आणि बाजूच्या कौलाखालून आत शिरतं. कौल एकही फुटलेलं नसताना घर गळतं ते यामुळे. केरसुणीनं वरून खाली झाडून घ्यायचं. दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ हातानं साफ करायची, तिथे झाडू पोचत नाही. गड्याला सांग, पाय कौलाच्या पोटावर द्यायचा नाही. दोन कौलं एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते तिथेच द्यायचा. बदलायची कौलं गोठ्यामागे रचून ठेवलेली आहेत, तीच वापरा. बाजारातून नवी आणली आणि कारखाना वेगळा असला तर खाचा जुळत नाहीत. दिसायला बसल्यासारखी दिसतात, पहिल्या झडीत कळतं. आणि कौलांखाली प्लॅस्टिक घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यानं वासा कायम ओला राहतो आणि आतून कुजतो.

ओल वरून येते तशी खालूनही येते. मागल्या दारी डोंगराकडून उतरणारं पाणी भिंतीला लागता कामा नये. जांभा दगड पाणी पितो, एकदा पायथा भिजला की आतला गिलावा दिवाळीपर्यंत ओला राहतो. मागची चर वीतभर खोल करून घे, उतार पाणंदीकडे. लाकडं मागच्या दाराला लागून रचू नका, चार हात दूर रचा, खाली दोन दगड ठेवा. पहिल्या पावसात फुरशासारखा विषारी साप अशाच आडोशाला येतो. लाकूड काढताना आधी काठीनं हलवायचं, मगच हात घालायचा. विजेरी दाराशीच असू दे. चावलंच काही तर आवळपट्टी नको, चिरणं नको, झाडपाला नको, गाडी काढून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

आता तिसरी ओल, जी आपणच आपल्या हातानं डब्यात कोंडतो. तूरडाळ, हरभऱ्याची डाळ, कुळीथ, चवळी यांना दोन दिवस कडक ऊन द्या. दुपारी चारला उचला, म्हणजे संध्याकाळची दमट हवा लागत नाही. मात्र लगेच भरू नका. घरात चादरीवर पसरा, मुठीत घेऊन पाहा, आत गार लागली की तूरडाळीला किलोमागे एक चहाचा चमचा एरंडेल चोळा आणि मग डबा. गरम धान्य भरलं की झाकणाला आतून घाम येतो, तो वरच्या थरावर टिपकतो आणि तिथूनच जाळी धरायला सुरुवात होते. सगळी मेहनत होते आणि या एका तासाच्या घाईनं धान्य जातं.

तांदळाचं उलट. त्याला कडक ऊन दाखवायचंच नाही. दाण्याला चीर जाते आणि भात शिजताना कणी होते. तांदूळ चाळून, निवडून, घरातच पंख्याखाली पसरा.

पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या माळ्यावरच्या डब्यांत आहेत. त्यांना एक ऊन दाखवून, गार करून, परत भरा. आमसुलांची बरणी उघडू नका, त्यांना खाराचा ओलावा लागतो, फार वाळली तर कातड्यासारखी होतात. फणसाच्या आठळ्या सूनबाईला आवडतात, त्या तांबड्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवा. कांदे टांगून, लसूण टांगून. सुकी मासळी काय हवी ती तुम्ही आणा, पण तिचा डबा धान्याच्या फडताळात नको. मोठे डबे आठवड्यातून एकदाच, उघडीप बघून उघडायचे. रोजचं लहान डब्यात काढून ठेवायचं.

लोणच्याला घाई नाही. एक-दोन सरी झाल्या की बाठ टणक झालेली कैरी घ्या. एक किलो फोडींना मीठ २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १००, तिखट ७५, हळद २५, मेथी १५, हिंग १० आणि तेल ३०० मिली. कैऱ्या धुऊन पुसून फोडायच्या. कोय काढून टाका आणि बाठीला चिकटलेला कागदासारखा पापुद्राही सोलून काढा, तो राहिला तर लोणचं तुरट होतं. फोडी दोन-तीन तास फडक्यावर पंख्याखाली. मीठ कढईत कोरडंच गरम करून गार करा, पावसाळी हवेत मीठ ओलं झालेलं असतं. मेथी चमचाभर तेलात तांबूस तळून कुटा, काळी पडली तर टाकून दुसरी घ्या. फोडींना मीठ-हळद लावून चार तास ठेवा, मग मसाला कालवा.

फोडणी सकाळी करायची आणि संध्याकाळी ओतायची, भांड्याच्या बुडाला हात लावला तरी ऊब लागता कामा नये. कोमट तेल घातलं तर मोहरीचा झणका मरतो आणि फोडी मऊ पडतात. निम्मं तेल तेव्हा, उरलेलं चौथ्या दिवशी. आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्यानं खालवर करा. शेवटी फोडींच्या वर बोटभर तेल हवं, कमी वाटलं तर आणखी गरम करून गार करून घाला. वर पांढरी बुरशी आलीच, तर मीठ कमी पडलं, तेल कमी पडलं किंवा चमचा ओला होता. वरचं काढून खालचं खायचा मोह नको, सगळं टाकायचं.

देवघर मी शेवटी लिहितेय, पण काम पहिल्याच उन्हात करा. पावसाळ्यात कापूस हवेतला ओलावा ओढतो, वात तडतडते आणि दिवा मध्येच शांत होतो. फुलवाती दिवसभर उन्हात ठेवा, तूप पातळ करून त्यात बुडवा, ताटलीत थिजू द्या आणि घट्ट डब्यात भरा. सकाळी एक, संध्याकाळी एक, म्हणजे चार महिन्यांना अडीचशे. काड्यापेटी आणि कापूर वेगवेगळ्या घट्ट डब्यांत, कापूर उघडा राहिला की उडून जातो. पोथ्यांना ऊन देऊ नका, पानं ठिसूळ होतात. सकाळी ओटीवर सावलीत दोन तास उघडून, पानं चाळून, सुती कापडात बांधा.

देवांना स्नान घातल्यावर नुसतं वरवर पुसू नका. बाळकृष्णाच्या गुडघ्याखाली आणि टाकांच्या मागच्या खळग्यात पाण्याचा थेंब राहतो, तिथेच हिरवा कळंक धरतो. फडक्याचं टोक पिळून तिथे घालायचं. समया आमसुलानं घासल्यात तर साध्या पाण्यानं दोनदा धुवा, खटाई राहिली की दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात. चंदनाचं खोड सहाणेवर आडवं ठेवू नका, उभं करून वाळू द्या, नाहीतर बुरशी येते.

वृंदावनाच्या तळाचं भोक तारेनं मोकळं करून घ्या. तुळस पावसात मरते ती तिथे पाणी तुंबून मुळं कुजल्यामुळे. मंजिऱ्या खुडत राहा. पावसात तुळशीपाशी दिवा टिकत नाही, तेव्हा उंबऱ्याच्या आत, तिच्याकडे तोंड करून लावा. दोघांनाही कामं आहेत, रोज साग्रसंगीत पूजा नाही जमायची आणि तसा माझा हट्टही नाही. पाणी, गंध, एक फूल, दिवा आणि जे रांधलं असेल त्याचा नैवेद्य, एवढं पुरे. मात्र ते रोज व्हावं. चार दिवस सोडून पाचव्या दिवशी मोठी पूजा केल्यापेक्षा देवाला हे अधिक पोचतं, असं मला मनापासून वाटतं.

मृगाला ग्रामदेवतेला नारळ ठेव आणि गाऱ्हाणं घालायला सांग, घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन, ताईचंही. वटपौर्णिमेला सूनबाईला पूजा करायची असेल तर झाडापाशी जाऊ दे, फांदी तोडून घरी आणायची नाही. दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे काढून घासायचे, माळ्यावरचा लामणदिवासुद्धा.

सूनबाईला आशीर्वाद. ताईची खुशाली फोनवर कळवीनच.

तुझी,
आई

ता. क. ओटीच्या पश्चिमेला ताडपत्री बांधशील तेव्हा खाली वीतभर जागा मोकळी सोड. खालपर्यंत ताणून बांधली की वारा आत कोंडतो आणि दोऱ्यांसकट फाडून नेतो.