कॅसेट डिजिटल करताय, तर मास्टर फाइल लॉसलेसच घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली गावोगावच्या नाट्यसंस्था, वाचनालयं, व्याख्यानमालावाले आपल्या जुन्या व्हीएचएस नि बीटाकॅम (टीव्ही-स्टुडिओवाल्यांच्या) कॅसेट डिजिटल करून घेतायत, फार चांगलं चाललंय, पण त्यात एक गोष्ट सर्रास चुकतेय आणि ती नंतर कुणाच्या बापाला दुरुस्त करता येणार नाही म्हणून लिहितोय. होतं काय, कॅसेट दुकानात जाते, पेनड्राइव्हवर एमपी४ येते, सगळे मोबाईलवर बघून खूश, तीच मास्टर म्हणजे कायम जपायची मूळ प्रत धरतात, आणि कॅसेटी भंगारात. मास्टर हवी ती लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीच न गाळता दाबलेली.

मी टेप उतरवून द्यायचंच काम करतो. एका संस्थेने मध्यंतरी लोककला महोत्सवाच्या अशाच फाइली आणल्या, जरा क्लीन करून द्या म्हणाले. लावणीचं रेकॉर्डिंग होतं. चेहऱ्यांवर नाक-डोळे सोडले तर काही शिल्लक नाही, पाय नुसते धुरकट, आणि जुन्या टीव्हीच्या आकाराचं ४:३ चं चित्र ताणून रुंद केल्यामुळे सगळ्याजणी बुटक्या दिसतायत. मूळ कॅसेट कुठे विचारलं तर टाकून दिल्या म्हणे. खूप वाईट वाटलं, कारण त्यातल्या काही कलावंत आज हयात नाहीत.

पायांचं असं का होतं? आपल्याकडचा पाल (जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा) व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं), म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० टप्पे टेपवर असतात. घाईत कन्व्हर्ट करणारा यातले निम्मे फील्ड टाकून देतो नाहीतर एकमेकांत कालवतो. लावणीत, कथकात जे जपायचं होतं नेमकं तेच गेलं! त्यावर परत एमपी४ मध्ये सहसा असतं ते एच.२६४ चं लॉसी कॉम्प्रेशन, म्हणजे डोळ्याला पटकन कळणार नाही ते फेकून द्यायचं. व्हॉट्सअॅपवर पाठवायला ते उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही, पण तीच फाइल मास्टर धरून पुढे एडिटिंग, परत एक्स्पोर्ट, मग यूट्यूब असं करत गेलं की झेरॉक्सची झेरॉक्स होते.

लॉसलेसमध्ये काहीच फेकत नाहीत. शेजारच्या पिक्सेलवरून पुढचा पिक्सेल काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज नि खरं यातला फरक तेवढा लिहून ठेवायचा, उलगडलं की बिट न बिट मूळचंच मिळतं. यासाठी एफएफव्ही१ नावाचा कोडेक (व्हिडिओ दाबायची-उलगडायची पद्धत) २००३ पासून एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहे, २०२१ मध्ये त्याचं स्पेसिफिकेशन इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने आरएफसी ९०४३ या दस्तऐवजात सगळ्यांसाठी छापलंय, म्हणजे एखादी कंपनी बुडाली म्हणून फाइल उघडायची बंद होईल ही भीती नाही. व्हिएन्नाची ऑस्ट्रियन मीडियाथेक, आयर्लंडचं फिल्म अर्काइव्ह असे लोक हे वापरतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे प्रत्येक फ्रेमचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा) लावता येतो, वीस वर्षांनी डिस्कवर काही खराब झालं तर नक्की कुठे ते कळतं, आणि फ्रेम स्वतंत्र ठेवल्या असतील तर बिघाड पुढच्या फ्रेममध्ये पसरत नाही.

जागा खूप लागते हे खरंय. पाल व्हिडिओ १० बिटमध्ये (म्हणजे छटा जास्त बारकाईने नोंदवून) काहीच न दाबता ठेवला तर तासाला ९३ जीबीच्या आसपास जातो, एफएफव्ही१ मध्ये तोच साधारण ४० जीबी, टेपच्या चित्रात मुंग्या (वळवळणारे ठिपके) जास्त असतील तर थोडा अजून. म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर १०० तास. दोन डिस्क घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, वर्धापनदिनाच्या मांडव-फ्लेक्सपेक्षा जास्त खर्च येत नाही हो.

लोक म्हणतात व्हीएचएस मुळातच पुसट, तिला कशाला एवढे लाड. उलट तिलाच गरज आहे! लॉसी कोडेकला मुंग्या आणि चेहऱ्यावरची बारीक रेघ यातला फरक कळत नाही, तो दोन्ही पुसतो. उद्या मुंग्या काढायची चांगली साधनं येतील तेव्हा त्यांना देण्यासाठी न पुसलेलं काहीतरी हातात हवं. आणि परत टेप लावू म्हणाल तर कशावर लावणार? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, सोनीनेही त्याच वर्षी बीटाकॅमची मशीनं विकणं बंद केलं, टेप वाचणारे हेड मिळत नाहीत, मशीन रिपेअर करणारे म्हातारे झाले. शिवाय आपल्या कोकणात, मुंबईत बुरशी कॅसेटची वाट बघत नाही. बऱ्याच टेप आता एकदाच नीट वाजणार आहेत.

म्हणून संस्थांना आणि सांस्कृतिक खात्यालाही कळकळीची विनंती, कोटेशन मागताना नुसतं ‘डिजिटायझेशन’ लिहू नका. मास्टर एफएफव्ही१ आणि एमकेव्हीमध्ये (चित्र-आवाज एकत्र ठेवणारा फाइल-प्रकार), १० बिट ४:२:२ (रंगाची नोंद किती बारीक ते सांगणारा आकडा), दोन्ही फील्ड जसेच्या तसे, आवाज न दाबलेला, सोबत चेकसमची फाइल, आणि बघायला वेगळी एमपी४, असं स्पष्ट लिहा. कॅप्चर करतानाच लॉसलेस हवं, दुकानदाराने आधी एमपी४ करून मग तिचीच एफएफव्ही१ दिली तर गेलेलं परत येत नाही, नुसती फाइल मोठी होते. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर ती आधीच डिजिटल आहे, फायरवायर केबलने जशी आहे तशी उतरवून घ्या, तासाला १३ जीबी, तिला एफएफव्ही१ करायची गरज नाही. आणि मास्टर तपासून होईपर्यंत एकही कॅसेट टाकू नका, तपासल्यावरही शक्यतो नको, कोरड्या जागी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, टीव्ही-स्पीकरपासून लांब.

आपला,
एक वाचक, पुणे