गुन्हेशास्त्र शिका, पण आधी भरतीच्या जाहिराती वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या शिक्षण पुरवणीत दरवर्षी 'वेगळ्या वाटा' दाखवल्या जातात. यंदा त्यात गुन्हेशास्त्राचा नंबर लागला. लेख उत्साहाने लिहिला आहे आणि सोबतचे चित्रही तसेच आहे: भिंग, बोटांचे ठसे, पिवळी फीत. खाली नोकऱ्यांची यादी. फॉरेन्सिक तज्ज्ञ, आयपीएस, क्रिमिनल प्रोफाइलर, खासगी गुप्तहेर. परिविक्षा अधिकारी, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या अपराध्यांचे काम पाहणारी अधिकारी, म्हणून निवृत्त झाले असल्याने मला हे वाचून गप्प बसवेना. या यादीतल्या एकाही कामासाठी गुन्हेशास्त्राची पदवी लागत नाही. जिथे ती खरोखर कामाला येते, त्या जागांचा मात्र लेखात उल्लेखही नाही.

फॉरेन्सिकपासून सुरुवात करते, कारण मुलांची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. रक्ताचा डाग, विष, डीएनए, हस्ताक्षर हे न्यायवैद्यक विज्ञानाचे काम. त्याला विज्ञान शाखा लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे, त्याचे एक केंद्र गोव्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७६ नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. म्हणजे त्या क्षेत्रात मागणी वाढणार, हे खरेच. पण कला शाखेतून गुन्हेशास्त्र शिकलेल्या मुलाला कलिन्याच्या प्रयोगशाळेत वैज्ञानिक म्हणून कोणी घेणार नाही. ही दोन शास्त्रे शेजारी असली तरी त्यांची दारे वेगळी आहेत.

पोलीस उपनिरीक्षक व्हायला कोणतीही पदवी चालते. आयपीएससाठी द्याव्या लागणाऱ्या यूपीएससी परीक्षेच्या वैकल्पिक विषयांत समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, गुन्हेशास्त्र नाही. क्रिमिनल प्रोफाइलर या पदाची जाहिरात आपल्या राज्यात निघालेली मी तरी पाहिलेली नाही. खासगी गुप्तहेरांसाठी २००७ साली संसदेत विधेयक आले होते, त्याचा कायदा झाला नाही. त्या धंद्यात लग्नाआधीची चौकशीच जास्त चालते, आणि ती आपल्याकडच्या आत्या-मावश्या फुकट करतात.

मग या विषयात शिकवतात तरी काय? माणूस गुन्ह्याकडे का वळतो, कोणत्या कृतीला गुन्हा म्हणायचे हे कोण ठरवते, शिक्षेने नेमके काय साधते, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे पुढे काय होते. लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. विद्यार्थी वर्गात हे ऐकून हसतात. आपल्याकडे त्याच्या पाच वर्षे आधीच, १८७१ साली, इंग्रज सरकारने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. हजेरी, परवाने, या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटची काटेरी तार हे सारे त्यातूनच आले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. तरी गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालांची होते, हे मी नोकरीत वारंवार पाहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, त्यात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या नियमांचाही समाचार घेतला. महाराष्ट्रातल्या मुलाने गुन्हेशास्त्र का शिकावे, याचे माझ्या मते यापेक्षा मोठे कारण नाही. आपल्या लेखात त्यावर एक ओळही नव्हती.

आता ज्या नोकऱ्या लेखात आल्याच नाहीत, त्यांच्याकडे वळते. पहिली माझीच. परिविक्षा अधिकारी म्हटले की लोक 'म्हणजे काय?' असे विचारतात. निवृत्तीपर्यंत विचारत होते. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ चा. जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि दोषी ठरलेला तरुण एकवीस वर्षांखालचा असेल, तर त्याला तुरुंगात धाडण्याआधी न्यायालयाने आमचा अहवाल मागवायचा असतो. बाल न्याय कायद्यात तर मूल बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. हा अहवाल छापील नमुन्यातले रकाने भरूनही देता येतो, आणि तसे अनेक दिले जातात. 'वडील मजूर, आई घरकाम, संगत वाईट' एवढे लिहिले की झाले. पण खरा अहवाल लिहायचा तर वस्तीत जावे लागते. शाळा कधी सुटली आणि कशामुळे, घरात दारू कोण पिते, मोबाइल कुठून आला, ज्याच्यासोबत पकडला तो मोठा भाऊ आहे की मुकादम, हे विचारावे लागते. शेजारीण दारात एक सांगते आणि शाळेतले गुरुजी दुसरेच. त्यातले काय ग्राह्य धरायचे, हे समजायला शिक्षण लागते. गुन्हेशास्त्राचा उपयोग नेमका तिथे होतो.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून राज्यभर संताप उसळला. त्या निमित्ताने बाल न्याय मंडळ नावाची गोष्ट घरोघरी कळली. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. हे दोघे कोण असावेत? कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिले आहे: बालकांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षे असलेले, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायद्याची पदवी घेऊन व्यवसाय करणारे. गुन्हेशास्त्राचे नाव त्यात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा या विषयात होते, मद्रास विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो पन्नासच्या दशकापासून शिकवला जातो, शेजारच्या कर्नाटकात बीएलाही घेता येतो. एवढे असून, मुलांच्या गुन्ह्यांचा निवाडा करणाऱ्या मंडळाच्या पात्रतेत त्याला जागा नाही.

दुसरे क्षेत्र तुरुंगांचे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी होती, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचाच होता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. घरी निरोप पोहोचवणे, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करणे, बाहेर पडल्यावर कामाला लावणे, हे कोणीतरी करावे लागते. टाटा संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हे करतो आहे. पोलीस ठाण्यांत बसून पीडित महिलांना मदत करणारा विशेष कक्षही त्याच संस्थेने १९८४ साली मुंबईत सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. आमच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ साली ती वसवली. तिथे कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगितले की त्याला खरे वाटत नाही.

पगाराबद्दल स्पष्ट लिहिलेले बरे, कारण पालक तेच आधी विचारतात. परिविक्षा अधिकाऱ्याची कायम जागा निघाली तर वेतनश्रेणी बरी आहे, पण ती निघायला हवी. जिल्हा बाल संरक्षण कक्षांतली पदे कंत्राटी, एकवट मानधनाची. संस्थांतले पगार त्याहून बेताचे. पैसा हवा असेल तर बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या सल्लागार कंपन्यांत आहे: आर्थिक फसवणुकीचा शोध, मनी लाँडरिंगवरची देखरेख, सायबर गुन्हे. तिथेही नुसत्या गुन्हेशास्त्रावर भागत नाही, सोबत कायदा, हिशेब किंवा संगणक हवा. ज्याला हे जमेल त्याने खुशाल जावे. पांढरपेशा गुन्हेगारी हासुद्धा गुन्हेशास्त्राचाच प्रांत आहे, आणि तिथले आरोपी जास्त हुशार असतात.

सरकारकडे माझे मागणे अगदी साधे आहे. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा पहिल्यांदाच आणली. पहिलाच गुन्हा असलेल्या माणसाने पाच हजारांच्या आतली चोरी केली आणि माल परत केला, तर त्याला हीच शिक्षा द्यायची असते. चांगले पाऊल आहे. पण तो माणूस झाडलोट करायला खरेच आला का, त्याचा अपमान तर झाला नाही ना, यावर नजर कोण ठेवणार, हे संहितेत कुठेच सांगितलेले नाही. हे परिविक्षा अधिकाऱ्याचेच काम आहे. त्यासाठी जागा वाढवाव्यात. परिविक्षा अधिकारी, तुरुंगातील कल्याण अधिकारी आणि बाल संरक्षण कक्ष यांच्या सेवाप्रवेश नियमांत समाजकार्याच्या पदवीच्या जोडीने गुन्हेशास्त्राची पदवी स्पष्ट शब्दांत ग्राह्य धरावी. त्याला नवा कायदा लागत नाही, महिला व बालविकास आणि गृह विभागाने मनावर घेतले तर नियमांतल्या दुरुस्तीने भागते.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा भिंगाचे चित्र वगळून त्या जागी गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेल्या भरतीच्या जाहिराती छापा आणि कोणत्या पदाला ही पदवी चालते त्याखाली रेघ मारा. प्रवेश घेणाऱ्या मुलांनीही संस्थेच्या माहितीपत्रकातली 'संधी' वाचून थांबू नये. आधीच्या तुकडीतली मुले आज कुठे काम करतात, हे नावानिशी विचारावे आणि मगच शुल्क भरावे.

कळावे,
एक निवृत्त परिविक्षा अधिकारी, सांगली