बेडूक मार्चएंड बघून अंडी घालत नाहीत

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पीएचडीवाल्यांबद्दल पेपरात येतं ते एकतर फेलोशिपच्या आंदोलनाचं नाहीतर थिसिस कॉपी केल्याचं, पण बायोलॉजीत फील्डवर काम करणाऱ्या पोरांचं दुखणं वेगळंच आहे, परवानगी येईपर्यंत पावसाळाच निघून जातो. मी कोकणातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवतो, पीएचडीला गाइडही करतो.

आंबोलीचा टोड घ्या, हा बेडकाचाच एक प्रकार. २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत मोडतो, आणि हा गडी पहिल्या सरी पडल्या की कातळावरच्या डबक्यांत अंडी घालून मोकळा होतो. सड्यावरची (म्हणजे कातळी पठारावरची) फुलं, देवगांडूळ (बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा बेडकाचा भाऊबंद), सगळ्यांचंच तसं, पावसाचे चार महिने काय ते. आता अभयारण्यात अभ्यास करायचा तर १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी, नाहीतर कोणीही बरण्या घेऊन जंगलात घुसेल. पण हिवाळ्यात टाकलेल्या अर्जाचं उत्तर श्रावणात आलं तर काय करायचं? कुठल्या टेबलावर अडकतं ते मी सांगत नाही, कॉलेजपासून वरपर्यंत टेबलं भरपूर आहेत. लॅबवाल्याचा महिना अडकला तर महिनाच जातो, आमच्या पोराचं अख्खं वर्ष जातं.

जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, मिळते पाच वर्षं, जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२, ऐकायला बरं वाटतं. पण पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये आणि शेवटचं लिहिण्यात, मधे उरले तीन पावसाळे, त्यातला एक परवानगीत गेला की राहिले दोन, आणि मग जर्नलचा रिव्ह्यूअर विचारणार सॅम्पल एवढंच का. त्यात पैसे वेळेवर जमा होत नाहीत, म्हणजे पेट्रोल आणि खोलीभाडं घरच्यांच्या खिशातून. मुलगी असेल तर घरून आणखी एक प्रश्न, रात्रीच कशाला जायचं, दिवसाढवळ्या दिसत नाहीत का बेडूक? (नाही दिसत हो काकू.)

मागणी एवढीच, जानेवारीपर्यंत आलेल्या अर्जांवर १५ मेच्या आत हो किंवा नाही ते कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पोरगं वेळेत विषय बदलेल. आणि एकदा दिलेली परवानगी पीएचडी संपेपर्यंत चालू ठेवा, दरवर्षी त्याच झेरॉक्स पुन्हा कशाला?

- एक प्राध्यापक, सिंधुदुर्ग