रविवारी पोलिसांसोबत बैठक : सर्व सभासदांनी यावे

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या सभागृहात पोलीस ठाण्याचे आणि वाहतूक शाखेचे अधिकारी येत आहेत. वेळेवर या, ते तासभरच थांबणार आहेत.

मोघम तक्रार नको. ‘गाड्या फार जोरात जातात’ म्हटलं की सगळे माना डोलावतात, पुढे काही हलत नाही. चौक, वार, वेळ लिहून आणा.

– शाळेसमोर ताशी 30 किमीची मर्यादा मागायची आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, हे ठासून सांगा.
– रात्रीची गस्त वाढवणे.
– वाहनांचे नंबर ग्रुपवर टाकू नका, थेट अधिकाऱ्यांकडे द्या.

आणि हो, गाड्या फाटकासमोर लावू नका. मागच्या वेळी आपणच रस्ता अडवला होता!